मिळकतकर एकदम दुप्पट झाला: हरकत नेमकी कशावर घ्यायची?

तुमची हकीकत थोडक्यात अशी. पुण्यात हडपसरला दोन वर्षांपूर्वी रीसेलमध्ये घेतलेला फ्लॅट, घरात तुम्ही स्वतः राहता. गेल्या वर्षापर्यंत मिळकतकर साधारण ११,४०० रुपये यायचा. आठ दिवसांपूर्वी नोटीस आली. तीत क्षेत्र ६८ चौरस मीटरचं ७८ झालंय, वर्षाचा कर २१,८०० झालाय आणि वर मागच्या तीन वर्षांचा फरक मागितलाय. समोरच्या जुन्या सोसायटीत एवढ्याच घराला सहा हजार येतात. मेहुणे म्हणतात, निकाल लागेपर्यंत एक पैसा भरू नका. एक एजंट पंधरा हजारांत ‘मिटवून देतो’ म्हणतोय. आणि तुम्ही विचारताय की कर कमी कसा करून घ्यायचा.

मी कर आकारणी विभागात नोकरी केलीय, आता लोकांचे हरकत अर्ज तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कर फार आहे’ या तक्रारीला महापालिकेत टेबलच नाही. कराचे दर मुख्य सभेत ठरतात, त्यावर निरीक्षक काही करू शकत नाही आणि सुनावणी घेणारा अधिकारीही नाही. हरकत लागते ती आकारणी नोंदवहीतल्या एखाद्या चुकीच्या नोंदीवर. क्षेत्र चुकलं, वापर चुकला, भोगवटादार चुकला, आकारणीची तारीख चुकली किंवा भाड्याचा दर दुसऱ्याच भागाचा लावला, यातलं काहीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे: या नोटिशीतली कोणती नोंद चूक आहे आणि ती चूक असल्याचा कागद तुमच्याकडे आहे का?

त्याआधी तारीख. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’मधल्या कराधान नियमांप्रमाणे करयोग्य मूल्य वाढवलं की मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि ती हाती पडल्यापासून १५ दिवसांत हरकत द्यायची असते. नोटिशीवर मुदत छापलेली असते, तीच धरा. तुमचे आठ दिवस गेलेत. पुष्कळ लोक नोटीस ड्रॉवरमध्ये टाकतात आणि बिल आल्यावर धावत येतात, तोवर नोंद कायम झालेली असते. अर्ज अपुरा वाटला तरी चालेल, पण मुदतीत आवक करा, म्हणजे कार्यालयात देऊन त्याची नोंद करून घ्या. कागद नंतर जोडता येतात.

आता बिल उलगडू या. करयोग्य मूल्य काढायची रीत सोपी आहे: घराचं क्षेत्र गुणिले त्या भागासाठी धरलेलं महिन्याचं वाजवी भाडं, गुणिले १२, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, जलनिस्सारण कर, वृक्ष कर, शिक्षण उपकर वगैरे टक्केवारीनं बसतात. पुण्यात यात आणखी एक गोष्ट येते. मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत. ही १९७० पासूनची. मधे राज्य सरकारनं ती रद्द केली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तुमचे आकडे यात घालून पाहा. सवलत गेली की १०० ऐवजी ६० भरणारा पूर्ण १०० भरायला लागतो. म्हणजे कर ४० टक्क्यांनी वाढत नाही, दोन तृतीयांशानं वाढतो. ११,४०० भागिले ०.६ केले की येतात १९,०००. आता १९,००० ला ७८ भागिले ६८ नं गुणा: जवळजवळ २१,८००. शिक्षण उपकराचे दर टप्प्याटप्प्याचे असल्यानं रुपया न् रुपया जुळेलच असं नाही, पण तुमच्या वाढीची दोन कारणं यातून उघड होतात. वाढलेल्या १०,४०० पैकी सुमारे ७,६०० सवलत गेल्यामुळे आणि २,८०० क्षेत्र वाढवल्यामुळे. सोसायटीच्या ग्रुपवर सगळी चर्चा क्षेत्रावर चालली असेल, पण पैसा मुख्यतः सवलतीत अडकलाय.

म्हणून पहिलं काम सवलतीचं, आणि त्यासाठी अपील-बिपील काही लागत नाही. पुण्यात त्याचा पीटी-३ नावाचा अर्ज आहे. सोसायटीचं ‘मालक स्वतः राहतात’ असं पत्र, त्याच पत्त्याचं मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, गॅसचं कार्ड किंवा वाहन परवाना असं काहीतरी, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत लागते. तुम्ही लिहिलंय की सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा घर बंद होतं. जीआयएस, म्हणजे संगणकी नकाशांच्या आधारे झालेल्या मिळकतींच्या सर्वेक्षणात अशा कितीतरी घरांची सवलत गेली. कुठे कुलूप होतं, कुठे दारावर जुन्या भाडेकरूच्या नावाची पाटी तशीच होती. सवलत नेमकी कोणत्या तारखेपासून परत लागू होईल, हे अर्ज कधी दिला आणि त्या वेळी प्रशासनाचा आदेश काय आहे यावर अवलंबून आहे. म्हणून पीटी-३ वेगळा द्याच, आणि हरकत अर्जातही एक परिच्छेद लिहा की आम्ही अमुक तारखेपासून स्वतः राहतो, त्या तारखेपासून सवलत मिळावी.

इथे एक गोष्ट पटवून घ्या. तुम्ही घर घेण्याआधीच्या मालकानं ते भाड्यानं दिलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या काळाची सवलत मागू नका. ती मिळणार नाही आणि तुमच्या बाकीच्या, खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही जाईल.

दुसरं, क्षेत्र. तुम्हाला वाटतंय की जोडगच्चीवर आधीच्या मालकानं पत्र्याची शेड टाकली म्हणून क्षेत्र वाढवलं. मला तसं वाटत नाही. गच्ची ९५ चौरस फूट म्हणजे ८.८ चौरस मीटर. ६८ मध्ये ती मिळवली तर ७६.८ होतात, ७८ होत नाहीत. पण तुमच्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र ८४० चौरस फूट लिहिलंय ना? ८४० ला १०.७६४ नं भागा. येतात ७८.०४. आणि ६८ चौरस मीटर म्हणजे ७३२ चौरस फूट, हा तुमचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतला आकडा असणार, करारात पाहून घ्या. म्हणजे बहुधा असं झालंय की आधी आकारणी कार्पेटवर होती आणि या वेळी कुणीतरी इंडेक्स टूवरचा (खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावरचा) बिल्टअप आकडा उचलून नोंदवहीत टाकलाय. जागा एक इंचही वाढलेली नाही.

हा अंदाज आहे. खात्री करायची तर आकारणी नोंदवहीचा उतारा घ्या, जुना आणि नवा, दोन्ही. त्यात खोल्यांची मापं, वापर, दर, पहिल्या आकारणीची तारीख असते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज केला की मिळतो. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मागा. पण त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्या हातात सात उरलेत, त्यामुळे त्या उत्तराची वाट पाहत हरकत लांबवू नका. उताऱ्यासोबत मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत सोसायटीच्या फाइलमधून काढा. सगळ्यात उपयोगी कागद मात्र शेजारी देतो: तुमच्याच इमारतीत, तुमच्याच रांगेत वरखाली असलेल्या दोन फ्लॅटची बिलं. बांधकाम सारखं, आकारणीचं वर्ष सारखं, आणि त्यांना ६८ लावलेत नि तुम्हाला ७८, तर कार्पेट योग्य की बिल्टअप योग्य या वादात शिरायचंच नाही. ‘जे माप बाकीच्यांना तेच मला’ एवढंच म्हणायचं. सुनावणीत यावर उलट उत्तर द्यायला अधिकाऱ्याला फार जागा नसते.

शेडचा विषय मात्र शिल्लक राहतो. क्षेत्रावर हरकत घेतली की स्थळपाहणी होऊ शकते, आणि मोजायला आलेल्या माणसाला शेड दिसणारच. उघडी गच्ची वेगळी आणि पत्रे-खिडक्या लावून खोली केलेली गच्ची वेगळी. परवानगीशिवाय बंद केलेली जागा नोंदवहीत चढली तर कर तर लागेलच, शिवाय कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामाची शास्ती, म्हणजे दंडही लागू शकतो. पिंपरी-चिंचवडकरांना या ‘शास्तीकरा’नं वर्षानुवर्षं छळलं, हे तुम्ही वाचलं असेल. आणि कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ते खातं निराळं. शेड नुसतं ऊन अडवायला असेल आणि तिच्यावाचून चालत असेल तर काढून टाका, तारखेसह फोटो ठेवा. तिची खरंच गरज असेल तर आधी एखाद्या आर्किटेक्टला विचारा की ती नियमित होऊ शकते का, मग क्षेत्रावर किती ताणायचं ते ठरवा. २,८०० रुपयांच्या फरकासाठी तिप्पट त्रास ओढवून घेणारे लोक मी पाहिलेत. तुमच्या बाबतीत मात्र फरक दर वर्षी लागत राहणार आणि कागद तुमच्या बाजूचे आहेत, तेव्हा माझ्या मते लढण्यासारखं आहे.

तिसरं, मागच्या वर्षांचा फरक. यावर लोक हरकतच घेत नाहीत, ‘थकबाकी आहे म्हणजे भरावीच लागणार’ असं धरून चालतात. कराधान नियमांतल्या नियम २० प्रमाणे आयुक्त चालू वर्षात नोंदवहीत दुरुस्ती करू शकतात, पण त्या दुरुस्तीमुळे नोटीस दिलेलं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच्या काळाचा वाढीव कर लादता येत नाही. याला दुसरी बाजूही आहे. एखादी मिळकत आकारणीतून सुटलीच असेल तर ६ वर्षांपर्यंत मागे जाऊन कर लावायची वेगळी तरतूद आहे, आणि विभाग तिचाच आधार घेतो. मग प्रश्न उरतो की तुमचं घर ‘सुटलेलं’ होतं का? नव्हतं. त्याची आकारणी झाली होती, बिल दर वर्षी येत होतं आणि भरलंही जात होतं. विभागानं आता क्षेत्र बदललं, ही दुरुस्ती झाली. क्षेत्राच्या फरकापुरता हा मुद्दा चांगला भक्कम आहे. सवलतीच्या फरकाबाबत तेवढ्या खात्रीनं सांगणार नाही, कारण तिथे विभाग म्हणेल की करयोग्य मूल्य बदललंच नाही, सवलत चुकून दिली गेली होती ती काढली. म्हणून अर्जात दोन्ही फरक वेगवेगळे मांडा. एक मुद्दा पडला तर दुसरा सोबत पडू नये.

आणि हो, यातलं एक वर्ष तुमच्या खरेदीच्या आधीचं आहे. मिळकतकराचा बोजा कलम १४१ प्रमाणे मिळकतीवर असतो, त्यामुळे महापालिका ‘तेव्हा मालक दुसरे होते’ हे ऐकणार नाही, वसुली तुमच्याकडूनच करेल. पण खरेदीखतात ‘ताब्यापूर्वीचे सर्व कर विक्रेत्याने भरायचे’ असं कलम बहुतेक वेळा असतं. ते काढून बघा आणि आधीच्या मालकाला आत्ताच लेखी कळवा.

समोरच्या सोसायटीचे सहा हजार विसरा. पुण्यात जुन्या इमारतींची आकारणी त्या त्या काळच्या भाडेदरानं झालेली आहे आणि नवे दर प्रामुख्यानं नव्या मिळकतींना लागत गेले. त्यामुळे एकाच रस्त्यावर दोन बाजूंना कर दुप्पट-तिप्पट वेगळा असणं नेहमीचं आहे. अन्याय वाटतो, मलाही वाटतो, पण हरकतीचं कारण म्हणून ते टिकत नाही.

आणखी एक ठिकाण बिलात तपासा. रोजगार हमी उपकराची ओळ आहे का? हा उपकर बिगरनिवासी वापरावरच लागतो. तुमच्या बिलात त्यापुढे आकडा असेल तर घर कुठेतरी ‘बिगरनिवासी’ म्हणून चढलंय आणि मग आपला वरचा सगळा हिशेब बदलेल. घरात शिकवणी, ब्यूटी पार्लर, सीएचं ऑफिस असं काही चालत असलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं.

अर्ज लिहिताना दोन पानांच्या वर जाऊ नका. हरकतीची कारणं थोडक्यात पण पूर्ण द्यावीत अशी नियमांचीच अपेक्षा आहे. वय, पेन्शन, महागाई, रस्त्यावरचे खड्डे, पाणी एकदाच येतं, हे सगळं खरं असलं तरी अर्जात नको. मी साधारण असा मसुदा देतो:

‘विषय: मिळकत क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या विशेष नोटिशीवर हरकत. सदर नोटीस मला दिनांक अमुक रोजी मिळाली. (१) क्षेत्र ६८ चौ.मी.वरून ७८ चौ.मी. केले आहे. प्रत्यक्ष बांधकामात कोणतीही वाढ झालेली नाही. ७८ चौ.मी. हा खरेदीखतातील बिल्टअप आकडा असल्याचे दिसते. याच इमारतीतील सदनिका क्रमांक अमुक व अमुक यांची आकारणी ६८ चौ.मी.वर आहे, बिले सोबत जोडली आहेत. (२) सदनिकेत मी दिनांक अमुकपासून स्वतः राहत असून पीटी-३ अर्ज स्वतंत्रपणे दाखल केला आहे. (३) मिळकतीची आकारणी पूर्वीच झालेली असल्याने क्षेत्रफळाच्या दुरुस्तीपोटी मागील वर्षांचा फरक आकारणे नियम २० शी विसंगत आहे. (४) नोंदवहीत दुरुस्ती करावी, निर्णयापूर्वी सुनावणी द्यावी आणि निर्णय लेखी कळवावा.’

वाक्यं तुमच्या कागदांप्रमाणे बदला. गच्चीचा उल्लेख नोटिशीतच असेल तर ‘वाढ झालेली नाही’ असं सरसकट लिहू नका. खोटं लिहिलेलं स्थळपाहणीत उघडं पडतं.

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ऑनलाइन दिलात तरी एक प्रत हातानं द्याच. सुनावणीला मूळ कागद, छायाप्रतींचा वेगळा संच आणि वरच्यासारखा एका पानाचा हिशेब घेऊन जा. अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी ढीगभर फायली असतात, ज्याचा आकडा एका पानावर दिसतो त्याचं काम पुढे सरकतं. तोंडी ‘करून देतो’ म्हणाले तर नम्रपणे लेखी आदेश मागा. पुढे अपील करायचं तर तोच लागतो.

आता मेहुण्यांचा सल्ला. तो ऐकू नका. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. हरकत प्रलंबित आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. निदान वादात नसलेली रक्कम, म्हणजे जुन्या हिशेबाचा कर, वेळेत भरा आणि हरकत राखून भरत असल्याचं पत्र त्याच दिवशी द्या. खिशाला झेपत असेल तर पूर्ण भरणं जास्त सुरक्षित, कारण निकाल बाजूनं लागला की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होते. कोर्टात जायची वेळ आली तर वादातली रक्कम आधी भरावीच लागते. कलम ४०६ प्रमाणे पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि इतर महापालिकांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे अपील असतं. त्याला तीन अटी: आधी हरकत घेऊन तिचा निर्णय झालेला असणं, १५ दिवसांत अपील करणं, आणि वादातला कर आयुक्तांकडे जमा करणं. पैसे जमा करण्याची अट अन्यायाची आहे म्हणून पूर्वी आव्हान दिलं गेलं होतं. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. तिथेही हाच कायदा लागू होता. तुमच्या रकमेत कोर्टात जाणं मला तरी परवडणारं दिसत नाही. वकिलाची फी फरकाच्या वर जाईल. थकबाकीचा मुद्दा पूर्ण फेटाळला गेला तर तेव्हा पुन्हा विचार करा.

एजंटाला पंधरा हजार देण्यासारखं यात काही नाही. तो पीटी-३ च भरणार आहे, जो तुम्ही स्वतः भरू शकता. ‘मिटवून देतो’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की एखाद्या वर्षाची मागणी तात्पुरती कमी दाखवली जाते आणि पुढच्या तपासणीत नोंद परत वर येते. मोजमापाचा वाद खरोखर गुंतागुंतीचा असेल, मोठा बंगला किंवा दुकानाचा गाळा असेल, तर आर्किटेक्टकडून मोजणी करून घेण्यात पैसे घाला.

हे वाचणाऱ्या मुंबईकरांसाठी: तुमच्याकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, कायदाही १८८८ चा वेगळा. तिथे रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला जागेच्या किमतीचा) दर, इमारतीचं वय, प्रकार आणि वापराचे गुणांक तपासायचे असतात आणि अपील २१ दिवसांत लघुवाद न्यायालयात जातं. घर ५०० चौरस फुटांपर्यंत असेल तर २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे सीमेवरच्या घरात क्षेत्राची नोंद फार महत्त्वाची ठरते. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींचे कायदे, मुदती निराळ्या आहेत, वरचे १५ दिवस तिथे लावू नका.

तुम्ही मात्र उद्या सकाळी आधी शेजाऱ्यांची दोन बिलं मागून घ्या, दुपारपर्यंत अर्ज आवक करा, पीटी-३ त्याच फेरीत द्या. सुनावणीची तारीख मिळाली की नवा-जुना उतारा इथे टाका, नावं आणि मिळकत क्रमांक झाकून. क्षेत्राबद्दलचा माझा अंदाज बरोबर आहे की नाही ते त्यात लगेच दिसेल.